पहिल्यांदा अभयारण्यात जाताय? आधी गेट ठरवा

ताडोबाच्या पहिल्या फेरीत मी मुक्काम केला मोहर्लीला आणि सकाळच्या सफारीचं बुकिंग केलं कोलारा गेटचं. नकाशावर दोन्ही गेटं एकाच हिरव्या पट्ट्याच्या कडेला दिसत होती, म्हणून 'जाऊ की आतून' असं मनाशी धरून चाललो होतो. आतून जायचं तर मोहर्ली गेटचा परवाना हवा. बाहेरून वळसा घालून कोलाऱ्याला पोचलो तोवर जिप्स्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, केव्हाच आत गेल्या होत्या. पैसे गेले, सकाळ गेली, आणि बरोबरच्या मंडळींची बोलणी खाल्ली ती वेगळीच. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून कुणी नवखा विचारायला आला की वाघाचं, हॉटेलचं, कॅमेऱ्याचं सगळं बाजूला ठेवून एक गोष्ट आधी सांगतो: परवाना जंगलाचा नसतो, गेटचा असतो. बाकीचं नियोजन त्या गेटपासून मागे मागे करत यायचं. हे भारतातल्या बहुतेक मोठ्या व्याघ्रप्रकल्पांना लागू आहे. पण गेटपर्यंत जाण्याआधी एक-दोन पायऱ्या आहेत.

पाटीवर काय लिहिलंय?

आपण बोलताना सगळ्यालाच 'अभयारण्य' म्हणतो. कायदा म्हणत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यान वेगळं आणि अभयारण्य वेगळं. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत आणि त्या जमिनीवर खासगी हक्क उरत नाहीत. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात, चराईला नियम घालून परवानगी असू शकते. त्यामुळे अभयारण्यात म्हशींचा कळप दिसला की लगेच 'बघा, काय चाललंय' म्हणून व्हिडिओ काढायला धावू नका. तिथल्या गावाचा तो हक्कही असू शकतो. संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव हे आणखी दोन प्रकार नंतरच्या दुरुस्तीने आले. पर्यटक म्हणून त्यांच्याशी तुमचा संबंध सुरुवातीला फारसा येणार नाही.

व्याघ्रप्रकल्प हे या सगळ्यावर चढवलेलं आणखी एक आवरण. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्रप्रकल्प योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. एकाच व्याघ्रप्रकल्पात राष्ट्रीय उद्यानही असतं आणि अभयारण्यही. ताडोबा हे १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. शेजारचं अंधारी हे १९८६ चं अभयारण्य. दोन्ही मिळून पुढे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. २००६ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक व्याघ्रप्रकल्पाचे दोन भाग कायद्यानेच ठरले: मधला कोअर आणि भोवतालचा बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, शाळेत सायकलवर जाणारी पोरं आहेत, आणि वाघही आहेत. बुकिंगच्या पानावर 'कोअर' आणि 'बफर' हे शब्द दिसतात ते यासाठी.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. व्याघ्रप्रकल्पही सहाच: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. दोन्ही आकडे सहा असल्यामुळे लोक दोन्ही याद्या एकच समजतात. तसं नाही. बोर हे राष्ट्रीय उद्यान नाही, आणि बोरिवली हा व्याघ्रप्रकल्प नाही.

पहिलं जंगल लहान निवडा

इथे माझं मत जरा आडमुठं आहे. आयुष्यातली पहिली सफारी ताडोब्याची करू नका. पहिल्याच फेरीत वाघ दिसला तर पुढे चितळ बघावंसं वाटत नाही. नाही दिसला तर माणूस 'जंगलात काहीच नव्हतं' म्हणत घरी येतो. दोन्हींत तोटाच.

त्याऐवजी आधी एक दिवस असं रान बघा, जिथे वाघाची अपेक्षाच नाही. पनवेलजवळचं कर्नाळा घ्या. मुंबई-गोवा महामार्गालगतचं पक्षी अभयारण्य, पायवाटेने चालायचं, गाडीघोड्याची भानगड नाही. आत शिरताना पिशवीतल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत ठेवून घेतात. परतताना त्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. सकाळी सातच्या आत पोचलात तर पक्षी, दहानंतर पोचलात तर सहली.

पुण्याकडच्यांनी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघावं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान, पण चिंकारा हमखास. चिंकारा बघायला नजर तयार व्हावी लागते. वाळल्या गवतात ते हरीण उभं असतं आणि शेपटी हलेपर्यंत तुम्हाला दिसत नाही. दहा मिनिटं एका जागी थांबून डोळे नुसते फिरवत राहायचे, हा सराव इथे होतो आणि पुढे सागाच्या जंगलात कामी येतो. पुणे जिल्ह्यातच कडबनवाडी आणि शिर्सुफळ भागात वनविभागाने गवताळ रानातली सफारीही सुरू केली आहे. लांडगा, खोकड, तरस ही मंडळी तिथली. माळरान म्हणजे पडीक जमीन, ही आपली जुनी समजूत तिथे एका सकाळीत मोडते.

नाशिककडे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला, गाळ साचत गेला, दलदल झाली आणि पक्षी आले. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून तिची नोंद झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तिथले गावातले गाइड दुर्बीण लावून देतात आणि पक्ष्याचं नाव मराठीत सांगतात. मुंबईकरांना तर बोरिवलीचं उद्यान दारातच आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

महिना कोणता?

वाघ बघायचा तर एप्रिल-मे, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पानगळ झालेली असते, नाले आटलेले असतात, जनावरं पाणवठ्यांवर येतात. पण चंद्रपूरचा मे महिना काय असतो हे पुण्या-मुंबईच्या माणसाला वर्तमानपत्र वाचून कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारची सफारी तीनच्या आसपास उघड्या जिप्सीत सुरू होते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मे टाळा. फेब्रुवारी-मार्च हा माझ्या हिशेबाने सर्वांत बरा काळ: पळस फुललेला, मोहाचा वास सुरू होऊ लागलेला, थंडी सरलेली.

डिसेंबरात जंगल सुंदर दिसतं, पण गवत उंच असतं आणि पहाटेच्या जिप्सीत वारा कानात शिरतो. नाताळचा आठवडा तर टाळाच. तेव्हा जंगलात जनावरांपेक्षा जिप्स्या जास्त.

पावसाळ्यात, साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर, विदर्भातल्या आणि मध्य प्रदेशातल्या व्याघ्रप्रकल्पांचे कोअर भाग बंद असतात. बफरचे काही रस्ते चालू राहतात, पण पाऊस कसा पडतो त्यावर सगळं. शिवाय साप्ताहिक सुट्टी असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद. कान्हा, बांधवगड आणि मध्य प्रदेशातला पेंच बुधवारी दुपारी बंद. देशभर हे कॅलेंडर आणखी बदलतं. काझीरंगा पुरामुळे पावसाळ्यात बंद, तर उत्तराखंडमधलं 'फुलांची दरी' राष्ट्रीय उद्यान नेमकं जून ते ऑक्टोबर उघडं. रजा टाकायच्या आधी हे बघा.

आता गेट

ताडोब्याच्या कोअरला सहा गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. नागपूरहून येणाऱ्याला कोलारा-नवेगावची बाजू सोयीची, चंद्रपूरच्या रेल्वे स्टेशनवर उतरणाऱ्याला मोहर्ली. पेंच तर दोन राज्यांत पसरलंय. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही महाराष्ट्रातली गेटं, तुरिया आणि कर्माझरी ही मध्य प्रदेशातली. बुकिंगचं संकेतस्थळ वेगळं, नियम वेगळे, सुट्टी वेगळी. 'पेंचचं बुकिंग झालं' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या पेंचचं?

क्रम असा ठेवा. आधी तारखा. मग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या तारखांना कुठल्या गेटला जागा आहे ते बघा. मिळालेल्या गेटच्या जवळच मुक्काम शोधा. प्रवासाची तिकिटं सगळ्यांत शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: विमानाची तिकिटं काढतात, रिसॉर्ट ठरवतात, आणि मग हवं ते गेट भरलेलं निघतं. शनिवार-रविवारचे कोअरचे परवाने फार आधी संपतात. मधले वार धरले तर गर्दी कमी आणि ताडोब्यात शुल्कही कमी.

बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो. तेच ओळखपत्र गेटवर दाखवायचं, आणि मूळ. आधार भरून पॅन घेऊन गेलात तर वाद घालत बसाल. नावं नंतर बदलता येत नाहीत असंच धरून चाला, त्यामुळे 'सहावा कोण ते नंतर बघू' हा प्रकार नको. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि चालक. खर्चाचे तुकडे असतात: प्रवेश, जिप्सीचं भाडं, गाइडचं शुल्क आणि मोठी लेन्स असेल तर कॅमेऱ्याचं. ऑनलाइन भरलेल्या रकमेत काय आलं आणि गेटवर रोख काय द्यायचं, हे पावतीवर नीट वाचा. गेटजवळ नेटवर्क असेलच असं नाही, म्हणून पावती छापून न्या.

कोअर की बफर? नवख्याचा गैरसमज असा की बफर म्हणजे दुय्यम माल. ताडोब्याच्या आगरझरी, अलीझंझा अशा बफर गेटांमधून वाघ उत्तम दिसतात, परवाना मिळणंही तुलनेने सोपं. दोन दिवस असतील तर दोन फेऱ्या कोअरच्या आणि एक बफरची, अशी वाटणी मला पटते. एकाच फेरीच्या जिवावर मुंबईहून येऊ नका.

पिशवीत काय, अंगावर काय

मातकट, खाकी, फिका हिरवा असे कपडे. पांढरा आणि भडक लाल नको. अत्तर नको. हिवाळ्यात कानटोपी आणि जाड जाकीट, उन्हाळ्यात ओला पंचा आणि टोपी. धूळ कुठल्याही महिन्यात असते, नाकातोंडाला रुमाल हवाच. पाणी धातूच्या बाटलीत. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरे, आणि एका गाडीत दोन तरी हव्यात, नाहीतर वाघ निघून जातो आणि दुर्बीण तिसऱ्या माणसाच्या गळ्यातच राहते. मोबाइलवर फोटो काढायचा विचार असेल तर सोडा. ताडोब्यासह अनेक व्याघ्रप्रकल्पांत आत मोबाइल वापरायला बंदी आहे, गेटवर तो ठेवून घेतात किंवा बंद करून ठेवायला लावतात.

जिप्सीत बसल्यावर

गाइड हा आसपासच्या गावातला मुलगा किंवा मुलगी असतो. बसल्या बसल्या त्याला 'आज वाघ दाखव' म्हटलंत की संपलं. त्याच्या डोक्यावर बक्षिसीचं ओझं बसतं, गाडी पळू लागते, आणि पुढच्या साडेतीन तासांत तुम्हाला धूळ दिसते. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी अडवलं. चालक आणि गाइडवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्या चालकांनी उभ्या केल्या होत्या हे खरं, पण 'अजून थोडं पुढे घे' हे वाक्य सहसा मागच्या सीटवरूनच येतं.

गाइडला असं म्हणा: तुला जे दिसेल ते सांग, आम्हाला घाई नाही. मग तो तुम्हाला ऐकायला शिकवेल. जंगलात 'कॉल' हा शब्द सारखा कानावर पडेल. वाघ-बिबट्या हलला की इतर जनावरं इशारा देतात, तो कॉल. वानर झाडावरून बघतं, त्यामुळे त्याला लांबचं आधी दिसतं. त्याचा आवाज खोकल्यासारखा. चितळाचा तीक्ष्ण, शिट्टीसारखा, आणि चितळ घाबरट असल्याने उगाचही ओरडतं. सांबर मात्र सहसा फुकट बोलत नाही. सांबराचा खणखणीत 'ढाँक' एकदा आला, पुन्हा आला, की गाइड गाडी बंद करायला सांगतो. त्या वेळी कुणी चिप्सचं पाकीट फोडू नये, एवढंच.

थांबणं हा सफारीचा मोठा भाग आहे. पाणवठ्यापाशी पंधरा मिनिटं गाडी बंद करून बसा. रानकोंबडा येतो, मुंगूस येतं, मोर येतो, पाण्यात शेपूट बुडवून बसलेला वाघही एखादे वेळी तिथेच असतो आणि तुम्ही आल्यापासून तुमच्याकडेच बघत असतो.

ताडोब्यात मोकळं गवताळ कुरण दिसलं, चितळांचे मोठे कळप चरताना दिसले, तर गाइडला त्या जागेचं नाव विचारा. जामणी, नवेगाव अशी उत्तरं येतील. ही गावं होती. पुनर्वसन होऊन माणसं बाहेर गेली, शेतांचं कुरण झालं, हरणं आली आणि हरणांमागे वाघ. आज 'सायटिंग'साठी, म्हणजे वाघ दिसण्यासाठी, नावाजलेल्या जागांखाली कुणाचं तरी वावर आहे. तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख म्हणून गोंड लोक त्याला मानतात, आणि जंगलाचं नावही त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. गाइड गावातला असेल तर ही गोष्ट त्याच्याच तोंडून ऐका, माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

नियम थोडे आणि कडक आहेत. ठरलेल्या थांब्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. उभं राहून ओरडायचं नाही. वाघ रस्त्यावरून समोर चालत आला तर गाडी मागे घेऊन त्याला वाट द्यायची. आणि काही उचलायचं नाही. गळून पडलेलं शिंग, साळिंदराचा काटा, पीस, बियासुद्धा. आतली वस्तू बाहेर आणणं हा गुन्हा आहे, आणि हरणाचं शिंग घरात सापडलं तर 'सापडलं होतं' हा बचाव चालत नाही.

चालत जायचं असेल तर

सह्याद्रीतले ट्रेकर रोज अभयारण्यात जातात आणि त्यांना ते माहीतही नसतं. भीमाशंकर अभयारण्य आहे, शेकरूचं. रतनगड, हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. वासोटा तर कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाच्या कोअरमध्ये. बामणोलीला वनविभागाकडे नोंद करून परवाना घ्यायचा, शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे जायचं, गड बघून त्याच दिवशी परत यायचं. मुक्काम नाही, शेकोटी नाही. सकाळी लवकर नोंद केली नाहीत तर उतरताना घाई होते, आणि लाँचवाला बोललेल्या वेळेलाच निघतो. कायद्याने अभयारण्यात आग लावायला आणि पेटती वस्तू टाकायला मनाई आहे. गडावर चुलीवरची भाजी रंगवून सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

थोडे मुरलात की मेळघाटला जा. सेमाडोह, कोलकास इथे वनविभागाची विश्रामगृहं आहेत, कोरकू गाइड मिळतात, आणि वाघ दिसण्याची शक्यता इतकी कमी की गर्दीच नाही. रानपिंगळा हा इवलासा घुबडवर्गीय पक्षी शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला जात होता. १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मेळघाटात तो दिवसाउजेडी दिसू शकतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजण्याचा 'निसर्गानुभव'ही इथे आणि इतर जंगलांत होतो. नावनोंदणी आधी करावी लागते. रात्रभर बोलायचं नाही, मचाणावरून उतरायचं नाही, आणि डास मारतानाही आवाज करायचा नाही.

परतीचा रस्ता

संध्याकाळची सफारी संपते तेव्हा अंधार पडत आलेला असतो आणि मुक्काम अजून पाच-दहा किलोमीटर लांब असतो. तो रस्ता बहुधा बफरमधून जातो. गाइडची बक्षिसी गेटवरच द्या, मोबाइल परत घ्या, आणि गाडी तीस-चाळीसच्या वर नेऊ नका. लघवीला किंवा फोटोला मध्येच उतरू नका. याच भागात मोहाची फुलं वेचायला, गुरं आणायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. एप्रिलच्या पहाटे रस्त्याकडेला वाकून मोहफुलं वेचणारी बाई दिसली तर तिला हॉर्न देऊ नका, लांबूनच गाडी हळू करा.

आणि समोर डांबरावर दोन लाल ठिपके चमकताना दिसले तर ब्रेकवर पाय असू द्या. दिवसाची ऊब धरलेल्या रस्त्यावर रातवा पक्षी बसलेला असतो. दिवे मंद केलेत की अगदी शेवटच्या क्षणी, आवाज न करता उडतो, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा रस्त्यावरच बसतो.